होमस्टेची ऑनलाइन बुकिंग आणि जीएसटी: २० लाखांचा हिशोब नेमका कशावर धरायचा?

किनारपट्टी

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात घराच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्यांचा होमस्टे आहे. पर्यटन खात्याच्या न्याहारी-निवास योजनेत नोंद आहे. खोलीचा भाव रात्रीला ३,५०० रुपये. बहुतेक बुकिंग दोन ऑनलाइन साइटवरून येतात, थोडी फोनवरून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून. लिस्टिंग, बँक खातं, पॅन सगळं माझ्या नावावर. घर मात्र सासऱ्यांच्या नावावर.

१ एप्रिलपासून जानेवारीअखेर दोन्ही साइटकडून मिळून खात्यात १३,१५,२०० रुपये जमा झालेत. थेट बुकिंगचे २,२०,००० आलेत. म्हणजे एकूण १५ लाख ३५ हजारांच्या आसपास. जीएसटी नोंदणी नाही, कारण मर्यादा २० लाखांची आहे असं ऐकून आहे. मार्चपर्यंतही २० लाख होतील असं वाटत नाही.

प्रश्न असे: (१) माझा हिशोब बरोबर आहे ना? (२) पाहुण्यांच्या बिलात साइटवाले ५% जीएसटी लावतात, तो कोण भरतं? माझ्या नावावर थकबाकी तर राहत नाही ना? (३) एका साइटने लिस्टिंगमध्ये जीएसटी नंबर टाकायची जागा ठेवली आहे, ती रिकामी सोडली तर चालेल का? (४) एका पाहुण्याने थेट बुकिंगवर 'जीएसटी बिल' मागितलं होतं, काय द्यायचं?

पुण्यात माझ्या नावावर एक फ्लॅट आहे, तो एका कुटुंबाला राहायला दिलाय, महिना १५,००० भाडं. त्याचा इथे काही संबंध नसावा.

---

हिशेबवही

ताई, संबंध आहे, आणि तुम्ही मर्यादेपासून वाटतं तितक्या लांब नाही. आधी आकडा नीट मांडू.

उलाढाल म्हणजे खात्यात जमा झालेली रक्कम नव्हे. पाहुण्याने खोलीसाठी मोजलेलं भाडं, कमिशन वजा होण्याआधीचं, जीएसटी सोडून, ही तुमची उलाढाल. कमिशन हा तुमचा खर्च आहे, तो उलाढालीतून वजा होत नाही.

तुमचं कमिशन १५% धरतो (नेमका दर एक्स्ट्रानेटच्या, म्हणजे साइटवरच्या तुमच्या मालक-खात्याच्या, मासिक स्टेटमेंटवर असतो). त्या कमिशनवर साइट १८% जीएसटी लावते, म्हणजे भाड्याच्या १७.७% इथेच गेले. शिवाय इन्कम टॅक्सचा ०.१% टीडीएस. म्हणजे दर १०० रुपयांच्या भाड्यामागे तुमच्या हातात ८२ रुपये २० पैसे. १३,१५,२०० भागिले ०.८२२, मूळ भाडं येतं बरोबर १६,००,०००.

त्यात थेट बुकिंगचे २,२०,०००. झाले १८,२०,०००.

आता फ्लॅट. कुटुंबाला राहायला दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी लागत नाही हे खरं, पण कायद्यातली 'एकूण उलाढाल' मोजताना करपात्र आणि करमुक्त दोन्ही पुरवठे एका पॅनखाली एकत्र धरतात (सीजीएसटी कायदा, कलम २(६)). दहा महिन्यांचं भाडं १,५०,०००. बेरीज १९,७०,०००.

म्हणजे उरले ३०,०००. तीनही खोल्या भरल्या की एका रात्रीचे १०,५०० होतात; तीन भरलेल्या रात्रींत तुम्ही २० लाखांच्या पलीकडे. फेब्रुवारीतला पहिला चांगला शनिवार-रविवार आणि पुढचा एक दिवस.

फ्लॅट तुमच्या नवऱ्याच्या नावावर असता तर तो त्यांच्या पॅनमध्ये गेला असता, तुमच्यात नाही. बायकोच्या नावाने लिस्टिंग आणि नवऱ्याच्या खात्यात पैसे असा घोळ घालणाऱ्यांनी हे आधीच बघून ठेवावं. पॅन, लिस्टिंग आणि बँक खातं तिन्ही एका माणसाचं हवं, नाहीतर टीडीएस एकाच्या नावावर आणि उत्पन्न दुसऱ्याच्या रिटर्नमध्ये असं दिसतं आणि खुलासे देत बसावं लागतं.

दुसरा प्रश्न. खोलीच्या भाड्यासाठी कलम ९(५) ची खास तरतूद आहे. जून २०१७ च्या अधिसूचना क्र. १७/२०१७ नुसार हॉटेल, गेस्ट हाउस, कॅम्पसाइट किंवा राहण्या-उतरण्याच्या कुठल्याही व्यावसायिक जागेचं बुकिंग साइटवरून झालं आणि मालकाला नोंदणी बंधनकारक नसेल, तर त्या भाड्यावरचा जीएसटी साइटनेच, जणू खोली तिचीच आहे असं समजून, सरकारला भरायचा. आत्ता तेच चाललंय. तो ५% तुमच्या हातात येत नाही, तुम्हाला भरायचा नाही, तुमच्या नावावर थकबाकी नाही. त्या बुकिंगचं भाडं तुमच्या २० लाखांत मात्र मोजलं जातं. 'कर साइटने भरला म्हणजे उलाढालही साइटची' हा समज सगळ्यात जास्त जणांना नडतो.

मालक नोंदणीच्या कक्षेत आला की चित्र उलटतं. साइट भाड्यावरचा जीएसटी पाहुण्याकडून घेऊन तुम्हाला देते, भरायची जबाबदारी तुमची. साइट फक्त ०.५% टीसीएस (तुमच्या पैशांतून आधीच कापलेला जीएसटी) कापते आणि तुमच्या जीएसटी नंबरवर जमा करते. टीसीएस आधी १% होता, १० जुलै २०२४ पासून ०.५% झाला.

तिसरा प्रश्न. नंबरच नाही तर जागा रिकामीच सोडायची. काही साइट त्या ऐवजी 'मी नोंदणीकृत नाही, उलाढाल मर्यादेखाली आहे' असं घोषणापत्र मागतात, ते द्यायचं. नवऱ्याच्या दुकानाचा नंबर तिथे चिकटवायचा नाही! साइट तुम्हाला नोंदणीकृत धरून कर भरणं थांबवते, टीसीएस दुकानाच्या नावावर जमा होतो, आणि दुकानाच्या रिटर्नमध्ये खोल्यांचं भाडं कुठेच नसल्याने तफावतीची नोटीस दुकानाला जाते.

चौथा प्रश्न. नोंदणी नसलेल्याला जीएसटी गोळा करायचा अधिकार नाही (कलम ३२). थेट बुकिंगवर साधी पावती द्या: नाव, तारखा, खोली, रक्कम. 'टॅक्स इनव्हॉइस' असं लिहायचं नाही, कराची ओळ टाकायची नाही. कंपनीच्या खर्चाने आलेला पाहुणा हटूनच बसला तर त्याला साइटवरून बुकिंग करायला सांगा.

---

दोनखोल्या

एक शंका. होमस्टे म्हणजे राहतं घर, हॉटेल नव्हे. निवासी घराच्या भाड्याला जीएसटी माफ आहे. मग हा सगळा खटाटोप कशाला? आमच्या गावात कुणीच भरत नाही.

---

कर-नाटकी

माफी 'निवासी घर, राहण्यासाठी' दिल्यास आहे. भाडेकरू तिथे बिऱ्हाड करतो. दोन रात्री समुद्र बघायला आलेला पाहुणा बिऱ्हाड करत नाही, तो उतरतो. उतरण्याची सोय ही 'हॉटेल निवास' या शब्दांच्या व्याख्येत येते, इमारत कौलारू असो की काँक्रीटची. पर्यटन खात्याची न्याहारी-निवास नोंद, निवासी दराने वीज किंवा घरपट्टी, यातली कुठलीच गोष्ट जीएसटीतून सूट देत नाही. ती वेगळी खाती आहेत.

पूर्वी १,००० रुपयांपर्यंतच्या खोलीला खरोखरच शून्य कर होता. ती सूट १८ जुलै २०२२ पासून गेली. 'स्वस्त खोल्यांना लागत नाही' हे अजून कानावर येतं ते तिथून.

तुमच्या गावात कुणी भरत नसेल तर बहुधा सगळे २० लाखांच्या आत असतील आणि साइटवाले त्यांच्या वतीने भरत असतील. म्हणजे भरला जातोय, दिसत नाही इतकंच.

आता दराबद्दल, कारण इथे रुपयाने हजार रुपये जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका युनिटचं (एका भावाने दिलेली खोली किंवा अख्खं घर) एका दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५%, इनपुट क्रेडिट (खर्चावर दिलेल्या जीएसटीची वजावट) न घेता. त्याच्या वर १८%, क्रेडिटसह. आधी खालचा दर १२% होता आणि क्रेडिट मिळायचं. ५% वाल्यांना 'मला १८% लावून क्रेडिट घेऊ द्या' असा पर्याय नाही.

७,५०० च्या खोलीला पाहुणा ७,८७५ देतो. ७,५०१ च्या खोलीला ८,८५१. एका रुपयासाठी त्याचं बिल ९७६ रुपयांनी वाढलं. भाव ७,६०० किंवा ७,८०० ठेवणारा माणूस पाहुणाही घालवतो आणि पैसेही.

७,५०० ची मर्यादा बघायची ती प्रत्यक्ष घेतलेल्या रकमेवर, लिस्टिंगवर खोडून दाखवलेल्या भावावर नव्हे. ८,००० ची खोली तुम्ही सवलतीत ७,२०० ला दिलीत तर ५%. पण सवलत साइटने स्वतःच्या खिशातून दिली असेल, म्हणजे पाहुण्याने ७,२०० दिले आणि वरचे ८०० साइटने तुम्हाला दिले, तर तुमच्या खोलीची किंमत ८,०००च. स्टेटमेंटमध्ये सवलत कोणाच्या रकान्यात आहे ते बघायचं.

सफाई शुल्क, जादा गादी, भाड्यात धरलेली न्याहारी हे सगळं त्या रकमेत मिसळतं. एका रात्रीचं ७,२०० भाडं आणि ५०० सफाई म्हणजे ७,७००, गेलं १८% मध्ये. अनामत रक्कम परत द्यायची असते तोवर त्यात धरायची नाही. फुटलेल्या टीव्हीपोटी ठेवून घेतली तर तो वेगळा विषय.

व्हिला अख्खाच एका भावाने देत असाल तर युनिट एकच. ९,००० चा व्हिला १८% मध्येच जातो, आत तीन खोल्या असल्या तरी. तीन खोल्या खरोखर वेगवेगळ्या विकत असाल, वेगवेगळे पाहुणे येत असतील, तर प्रत्येक खोली वेगळी. एकाच कुटुंबाचं एकच बुकिंग कागदावर तीन तुकड्यांत फोडलं तर ते टिकणार नाही.

बुकिंग रद्द झाल्यावर जे पैसे तुम्ही ठेवून घेता त्यावरही कर आहे, आणि दर खोलीचाच. ऑगस्ट २०२२ च्या १७८ क्रमांकाच्या परिपत्रकात ते स्पष्ट केलंय.

---

घाटमाथा

हिशेबवहींनी एक सोडलं. बँकेतल्या ठेवींवरचं व्याज. ठेव ठेवणं हासुद्धा करमुक्त पुरवठा आहे आणि त्याचं व्याज २० लाखांत धरावं, असा निर्णय गुजरातच्या अ‍ॅडव्हान्स रुलिंगने (करदात्याच्या प्रश्नावर आगाऊ निर्णय देणाऱ्या प्राधिकरणाने) दिलेला आहे. असा निर्णय फक्त अर्ज करणाऱ्याला आणि त्याच्या अधिकाऱ्याला बंधनकारक असतो, महाराष्ट्रात तो लागू म्हणता येत नाही. पण अधिकाऱ्याच्या हातात कागद असतो. किनारपट्टीताईंची एखादी लाखभराची मुदत ठेव पाच वर्षांपूर्वीची असेल तर तिचं व्याज ३०,००० होणार नाही, पण चार-पाच लाखांची असेल तर त्या कदाचित आत्ताच काठावर आहेत.

काठावर असताना वाद घालण्यापेक्षा नोंदणीचा अर्ज टाकलेला बरा, असं माझं मत.

---

किनारपट्टी

बापरे. फ्लॅट माझ्याच नावावर आहे आणि ठेवही आहे. म्हणजे नोंदणी करावीच लागणार. मग एप्रिलपासूनच्या सगळ्या बुकिंगवर कर भरावा लागेल का? घर सासऱ्यांच्या नावावर आहे, वीजबिल तर अजून आजेसासऱ्यांच्या नावाने येतं. आणि फेब्रुवारी-मार्चची बुकिंग आधीच झालेली आहेत, त्यांचं काय? कंपोझिशनमध्ये (छोट्यांसाठीची ठोक कराची योजना) जाता येईल का, म्हणजे कमी कटकट?

---

हिशेबवही

उलट क्रमाने सांगतो.

कंपोझिशन नाही. साइटवरून सेवा विकणाऱ्याला कंपोझिशन घेता येत नाही. २०२३ मध्ये दिलेली सवलत ऑनलाइन माल विकणाऱ्यांसाठी आहे, सेवांसाठी नाही.

एप्रिलपासूनचा कर लागत नाही. ज्या दिवशी २० लाख ओलांडले त्या दिवसापासून पुढे. म्हणून तो दिवस कोणता हे दाखवता आलं पाहिजे: एका वहीत किंवा एक्सेलमध्ये तारीख, साइट की थेट, भाडं (कमिशनआधी), फ्लॅटचं भाडं, आणि चालती बेरीज. त्या दिवसापासून ३० दिवसांत अर्ज केला तर नोंदणी त्या दिवसापासूनच लागू होते. ३० दिवस उलटले तर नोंदणी मिळाल्याच्या तारखेपासून लागू होते, पण मधल्या दिवसांचा कर, व्याज आणि दंड माफ होत नाही.

अर्ज पोर्टलवर, नमुना आरईजी-०१. मालकी 'प्रोप्रायटर', सेवेचा कोड ९९६३११, व्यवसायाची जागा म्हणजे होमस्टेचा पत्ता, पुण्याचा फ्लॅट नव्हे. आधार पडताळणी करा. काही जणांना बोटांचे ठसे द्यायला सेवा केंद्रात बोलावतात, मेसेज आला की जायचं.

जागेच्या कागदांतच अर्ज अडकतात. सासऱ्यांचं संमतीपत्र घ्या: घर माझ्या मालकीचं, घर क्रमांक अमुक, सून अमुक हिला होमस्टेसाठी वापरायला दिलं आहे, भाडं घेत नाही. सोबत मालकीचा कागद: ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा किंवा चालू वर्षाची घरपट्टीची पावती. या दोन्हींवर सासऱ्यांचं नाव असेल तर आजेसासऱ्यांच्या नावाचं वीजबिल जोडूच नका. दोन कागदांवर दोन नावं दिसली की आरईजी-०३ ची विचारणा येते आणि सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या सात दिवसांत वारस नोंद आणि मृत्यूचा दाखला शोधत फिरावं लागतं. घरपट्टीही आजेसासऱ्यांच्याच नावाने असेल तर आधी ग्रामपंचायतीत नाव लावून घ्या, आजच. पत्ता सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा, 'मु. पो.' आणि वाडीचं नाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरूनही विचारणा येते.

नंबर आल्यावर ३० दिवसांत किंवा पहिल्या जीएसटीआर-१ (विक्रीच्या रिटर्न) आधी, जे आधी येईल तोवर, बँक खातं पोर्टलवर टाकायचं. हे विसरलं की नोंदणी निलंबित होते. प्रमाणपत्र होमस्टेत लावायचं आणि नावाच्या पाटीवर नंबर लिहायचा.

आता झालेली बुकिंग. नंबर आला त्या दिवशी दोन्ही साइटना एक्स्ट्रानेटवरून नंबर द्या आणि लेखी विचारा: कोणत्या तारखेच्या चेक-इनपासून तुम्ही कर भरणं थांबवणार? उत्तर जपून ठेवा. मग पुढच्या सगळ्या बुकिंगची यादी काढून प्रत्येकीपुढे लिहा, कर साइटने भरला की मला भरायचा आहे. स्टेटमेंटच्या प्रत्येक ओळीत ते दिसतं: तुमच्या पेआउटमध्ये (साइटकडून जमा होणाऱ्या रकमेत) भाड्याबरोबर ५% आले असतील आणि टीसीएस कापला असेल तर भरायचं तुम्ही, फक्त भाडं आलं असेल आणि टीसीएस नसेल तर साइटने भरलाय.

याच वळणावर लोक सापडतात. पेआउट अचानक वाढतं, वाटतं साइटने कमिशन कमी केलं, ते पैसे रंगकामात जातात, आणि रिटर्न भरताना २० तारखेला कळतं की ते सरकारचे होते. ५% वेगळ्या खात्यात टाकत चला.

थेट बुकिंगचं वेगळं. मर्यादा ओलांडल्याचा दिवस आणि नंबर हातात येण्याचा दिवस यांच्या मधल्या बुकिंगवरही कर आहे. पाहुण्याकडून वेगळा घेतला नसेल तर मिळालेल्या रकमेतूनच काढायचा: ३,५०० मधला कर ३,५०० × ५ ÷ १०५, म्हणजे १६६ रुपये ६७ पैसे. प्रमाणपत्र मिळाल्यापासून एका महिन्यात त्या पावत्यांच्या जागी सुधारित इनव्हॉइस काढता येतात.

नोंदणीने हातात काय फरक पडतो तेही बघा. भाडं ४,०००, पाहुणा देतो ४,२००. नोंदणी नसताना: ४,००० मधून कमिशन ६००, त्यावरचा जीएसटी १०८, टीडीएस ४, हातात ३,२८८. नोंदणी असताना: ४,२०० मधून ६००, १०८, टीसीएस २०, टीडीएस ४, पेआउट ३,४६८, त्यातून कर २००, पण त्यातले २० टीसीएसमधून वळते होतात, भरायचे १८०. हातात ३,२८८. साइटच्या बुकिंगवर एक रुपयाचाही फरक नाही. कमिशनवरचे १०८ दोन्हीकडे बुडीतच, कारण ५% वर क्रेडिट नाही. फरक पडतो तो थेट बुकिंगवर, कारण तिथे आजवर कर नव्हता, आणि सीएच्या फीवर.

---

घाटमाथा

रिटर्नबद्दल थोडं, नाहीतर ताई नंबर घेतील आणि पहिल्याच महिन्यात चुकतील.

मासिक भरलं तर जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ ला, ३बी (कर भरायचं रिटर्न) २० ला. तिमाही योजना घेतली तर महाराष्ट्रासाठी अनुक्रमे १३ आणि २२, आणि तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर २५ तारखेपर्यंत चलनाने. पावसाळ्यात होमस्टे बंद असला तरी शून्य रिटर्न भरायचंच. उशिराला दिवसाला ५० रुपये, शून्य रिटर्नला २०. कर थकला तर वर १८% व्याज.

सगळ्यात सामान्य चूक: पाहुणा बंगळुरूचा, म्हणून बिलिंग सॉफ्टवेअर 'आंतरराज्य' समजून आयजीएसटी लावतं. खोलीच्या बाबतीत पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे जिथे इमारत आहे ते. दापोलीतल्या खोलीवर केंद्राचा सीजीएसटी अडीच टक्के आणि राज्याचा एसजीएसटी अडीच टक्केच, पाहुणा कुठलाही असो. चुकून आयजीएसटी भरला तर बरोबर कर नव्याने भरून आधीचा परत मागावा लागतो. व्याज लागत नाही, पण परतावा मिळेपर्यंत तेवढे पैसे अडकतात.

याच कारणाने बंगळुरूच्या कंपनीला तुमच्या बिलावर क्रेडिट मिळणार नाही, महाराष्ट्रातली नोंदणी असेल तरच मिळेल. पाहुणा भांडला तर शांतपणे हे सांगा, बिल बदलून देऊ नका.

साइटवरून झालेली विक्री जीएसटीआर-१ च्या तक्ता १४ मध्ये साइटच्या जीएसटी नंबरसकट दाखवायची: टीसीएस कापलेली एका ओळीत, ९(५) खाली साइटने कर भरलेली दुसऱ्या ओळीत. संक्रमणाच्या महिन्यात तुमच्याकडे दोन्ही असतील. ९(५) ची रक्कम ३बी मध्ये ३.१.१ च्या दुसऱ्या ओळीत जाते, ती ३.१(अ) मध्ये टाकली तर त्याच खोलीवर दुसऱ्यांदा कर भराल.

टीसीएस आपोआप मिळत नाही. साइट १० तारखेपर्यंत तिचं जीएसटीआर-८ भरते, मग पोर्टलवर 'टीडीएस आणि टीसीएस क्रेडिट रिसीव्हड' मध्ये जाऊन प्रत्येक ओळ स्वीकारून ते फाइल करायचं. तेव्हा कुठे पैसे कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यात) येतात. आधी आकडे पडताळा: साइटने दाखवलेली विक्री आणि तुमच्या जीएसटीआर-१ मधली विक्री जुळली पाहिजे. महिनाअखेरीचं चेक-इन साइटने पुढच्या महिन्यात धरलं असेल तर तफावत दिसते, तेवढं टिपण ठेवा.

कमिशनचं इनव्हॉइस कोणाच्या नावाने येतं तेही बघा. भारतातल्या कंपनीचं असेल आणि तिने १८% लावलाय, तर प्रश्न नाही. परदेशातल्या कंपनीचं, जीएसटी न लावलेलं आलं, तर रिव्हर्स चार्जने तो कर तुमच्याकडून मागितला जाऊ शकतो. ते इनव्हॉइस सीएच्या हातात ठेवायचं, नुसता आकडा सांगायचा नाही.

---

दोनखोल्या

माझ्याबद्दल विचारतो. राहायला पुण्यात, दोन खोल्या दापोलीकडे आणि एक घर गोव्यात काणकोणला. दोन्ही माझ्याच पॅनवर. प्रत्येकी १२-१३ लाख. २० लाख प्रत्येक राज्याला वेगळे ना?

---

कर-नाटकी

नाही. २० लाख एका पॅनला, सगळ्या राज्यांची बेरीज. तुमचे २४-२६ लाख झाले, तुम्ही आधीच आत आहात.

नोंदणी मात्र राज्यागणिक वेगळी लागते. दापोलीसाठी महाराष्ट्राची, काणकोणसाठी गोव्याची, दोन नंबर, दोन रिटर्न. गोव्याच्या घराच्या लिस्टिंगमध्ये महाराष्ट्राचा नंबर टाकू नका. टीसीएस चुकीच्या राज्यात जाईल आणि गोव्याच्या खोलीवर महाराष्ट्राचा एसजीएसटी लावून बसाल. बेरीज ज्या तारखेला २० लाखांपलीकडे गेली ती काढा, ३० दिवस उरलेत का ते बघा आणि उद्याच दोन्ही अर्ज टाका.

---

किनारपट्टी

नमुना ८ वर सासऱ्यांचंच नाव आहे, आत्ताच बघितलं. संमतीपत्र साध्या कागदावर चालेल की स्टँप पेपर लागेल?

---

हिशेबवही

स्टँप पेपर असला की काही ठिकाणी विचारणा टळते, एवढंच. कायद्याने साधं सहीचं संमतीपत्र पुरतं. सासऱ्यांच्या पॅन किंवा आधारची प्रत सोबत जोडा आणि सही त्या कागदावरच्या सहीशी जुळती घ्या.